वर्नाच्या स्वयंपाकघरातलं टेबल

लास व्हेगासमध्ये हॉटेल म्हातारं झालं की त्याला सुरुंग लावतात. ते कोसळताना बघायला लोक खुर्च्या मांडून बसतात आणि टाळ्या पिटतात. धूळ खाली बसायच्या आत तिथे पुढच्या हॉटेलची जाहिरात लागते. इलाला या तमाशाची शिसारी यायची.

एकदा मराठी मंडळातल्या शुभाचा फोन आला. "इला, शनिवारी सकाळी आमच्या टेरेसवर ये. ब्लास्ट काय मस्त दिसतो इथून! मंडळाचे सगळे येतायत. मी साबुदाणा वडे करतेय."

"मयताला वडे घेऊन जातेस का गं?"

"काहीतरीच तुझं! जुनी बिल्डिंग तर आहे."

"त्या जुन्या बिल्डिंगमध्ये मी बारा वर्षं पत्ते वाटलेत. त्यावर पोट भरलंय माझं." इलानं फोन आपटला.

इला मूळची नागपूरची. नवऱ्याच्या कॉम्प्युटरमधल्या नोकरीमागून इथे आली. आधी त्याची नोकरी गेली, मग तोही गेला, दुसऱ्या गावी, दुसऱ्या बाईकडे. इलाला खोली मिळाली ती वेस्टसाइडला, रेल्वे रुळांपलीकडे, वर्ना मॅबरीच्या गुलाबी घरात. वस्ती काळ्या लोकांची. मंडळातल्या बायका "तिकडे राहतेस?" असं नाक मुरडून विचारायच्या, जणू ती गटारात राहत होती.

त्या घरात काय घडलं होतं, याचा त्या बायकांना पत्ताच नव्हता. एके काळी मोठ्या हॉटेलांत काळे गायक गायचे, गोरे लोक उभे राहून वाहवा करायचे, आणि गाणं संपलं की त्याच हॉटेलात त्या गायकांना झोपायला खोली मिळायची नाही. मागच्या दारानं बाहेर! मग ते रूळ ओलांडून वर्नाच्या आईकडे यायचे. ती त्यांना गरम राजमा-भात वाढायची. सगळं स्वयंपाकघरातल्या एका टेबलावर. त्याच्या एका कोपऱ्यावर उतरवून ठेवलेल्या तव्याचा काळा डाग होता.

वर्ना कसिनोत डीलर होती, जुगाराच्या टेबलावर पत्ते वाटायची. तिनं त्याच टेबलावर हिरवं कापड ताणून इलाला पत्ते वाटायला शिकवलं.

"मनगट हलव, खांदा नको. पत्ता देतेयस की बस थांबवतेयस?"

आणि उठायची रीतही तिनंच शिकवली. डीलरनं टेबल सोडताना एक टाळी वाजवायची, दोन्ही तळवे उलटसुलट करून छतातल्या कॅमेऱ्याला दाखवायचे. हातात काही लपवलेलं नाही, एवढंच.

"आपण रोज हात दाखवायचे," वर्ना म्हणायची. "ज्यांनी अख्खी वस्ती खिशात घातली, त्यांना कुणी म्हणत नाही, हात दाखवा."

इलाच्या अंगात ती सवय इतकी मुरली, की मंडळाच्या पंगतीतून उठतानाही ती टाळी वाजवून तळवे दाखवायची. बायका हसायच्या. हसू देत.

वर्ना गेली. टेबल इलाला देऊन गेली. इलानं ते आपल्या नव्या भाड्याच्या घरी आणलं. वर्नाचं गुलाबी घर तिच्या भाचीच्या वाट्याला आलं, आणि भाचीनं ते एका बिल्डर कंपनीला विकलं. कंपनीनं कुंपण ठोकलं. हॉटेल बांधायचं होतं, पण घर जुनं, म्हणून पाडायच्या आधी शहराच्या वारसा समितीची परवानगी लागत होती. त्याला विरोध करायला इलानं दारोदार फिरून वस्ती गोळा केली.

त्याच सुमारास शुभाचा मुलगा अनीश तिच्याकडे आला. गळ्यात कसलंसं ओळखपत्र.

"इला मावशी, आय वर्क इन हेरिटेज नाऊ. हे टेबल अमेझिंग आहे! लोकांना दाखवायला पाहिजे. म्युझियमसारखं."

लहानपणी याला इलानं पत्त्यांचा बंगला करायला शिकवला होता. तिनं विचारलंसुद्धा नाही, कुठलं म्युझियम? वर्नाचं नाव काचेमागे लागणार, या विचारानंच तिचा ऊर भरून आला. "ने," ती म्हणाली. वर चिवडाही बांधून दिला.

सुनावणीच्या दिवशी इला वस्तीतली माणसं घेऊन सभागृहात शिरली, तर टेबल समितीसमोर मांडलेलं. शेजारी कंपनीचा वकील, आणि वकिलाशेजारी अनीश.

"या घराचा इतिहास आम्ही वाचवला आहे," वकील हसत म्हणाला. "हे मूळ टेबल आमच्या हॉटेलच्या लॉबीत राहील. कॉकटेल लाउंजमध्ये. तेव्हा उरलेल्या भिंती ठेवण्यात अर्थ नाही."

ज्या टेबलावर हाकलून दिलेली माणसं जेवली, त्यावर आता त्याच हॉटेलवाल्यांची पिल्लं दारूचे ग्लास ठेवणार! आणि टेबल त्यांना दिलं कुणी? तिनंच. चिवड्यासकट.

ती तडक पुढे गेली. "अनीश, कोणतं म्युझियम म्हणालास तू?"

"मावशी, प्लीज, नॉट हिअर. मी म्युझियमसारखं म्हणालो होतो…"

"तुझी आई बिल्डिंग पडताना वडे खाते, आणि तू बिल्डिंग पाडायची सुपारी घेतोस. छान वाटून घेतलंय घरात!" मग ती समितीकडे वळली. "टेबल माझं आहे. मी ते म्युझियमला दिलं होतं, दारूच्या गुत्त्याला नाही. मी परत नेते."

वकिलानं अनीशकडे पाहिलं. "तिची लेखी संमती आहे ना?"

अनीशनं नकारार्थी मान हलवली. मावशीकडून सही कोण घेतं?

अध्यक्षबाईंनी चष्मा काढला. टेबल हाच कंपनीचा सगळा प्रस्ताव होता. तेच नसेल तर मत कशावर घ्यायचं? कंपनीनं नवा प्रस्ताव आणावा, तोवर घराला हात लावायचा नाही, असं सांगून त्यांनी सुनावणी पुढे ढकलली.

पुढे म्हणजे कधीतरी पुन्हा तेच. नवा टाय, नवी थाप. इलाला ते पक्कं ठाऊक होतं. पण आज घर उभं होतं.

शेजारचा म्हातारा लॉइड, हॉटेलात सामान उचलण्यात ज्याचा जन्म गेला, तो पुढे आला. एका बाजूनं त्यानं टेबल धरलं, दुसऱ्या बाजूनं इलानं. दाराशी तिला सवयीनं आठवलं: टेबल सोडलं की टाळी, मग तळवे. छतात कॅमेराही होता.

"थांबायचंय का?" लॉइडनं विचारलं.

"नाही. चल."

तिचे हात भरलेले होते, आणि टेबल ती सोडत नव्हती.

दुसऱ्या दिवशी गुलाबी घराच्या कुंपणाबाहेर, तुतीच्या सावलीत, ते टेबल मांडलेलं होतं, डागाचा कोपरा उघडा ठेवून वर हिरवं कापड ताणलेलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला इला पत्ते वाटत होती, आणि तव्याच्या डागावर बोट ठेवून इथे कोण कोण जेवलं ते सांगत होती.