तांडेलाच्या नातीच्या तळटीपा

मृणालिनी माझी सख्खी धाकटी बहीण. हर्णैच्या आमच्या आळीत इंग्रजीत एमए झालेली पहिली मुलगी, आणि तिला दुबईत आणलं ते मी. माझं शिक्षण विचाराल तर दहावी, तीही दुसऱ्या खेपेला. पण इथल्या मीना बाजारात माझ्यासारखा कापड फाडणारा दुसरा दाखवा, एक दोरा इकडचा तिकडे होत नाही. असो, ही गोष्ट तिची. तीत दादा म्हणून जो मधेमधे तोंड घालतो तो मीच, एवढं ध्यानात ठेवा.

तर त्या रविवारी मृणालिनीला काही एका जागी बसवेना. डिस्कव्हरी गार्डन्समधला दादाचा वन बेडरूम फ्लॅट तो केवढा, पण सोफ्यापासून बाल्कनीपर्यंत तिच्या सारख्या येरझाऱ्या. लॅपटॉप उघडायची, दोन ओळी वाचायची, आपटून बंद करायची.

"अगं बस की जरा," रंजितावहिनी म्हणाली. "टाइल्स झिजल्या तर मालक डिपॉझिट देणार नाही."

कारण तसंच होतं. जुमेरा लेक टॉवर्समधल्या एका छोट्या प्रकाशन कंपनीत ती प्रोबेशनवर होती. इथल्या शाळांसाठी एक जुनी अमेरिकन साहसकथा इंग्रजीतच तयार करायची होती. बोस्टनचा कप्तान, हिंदी महासागर, मोत्यांनी भरलेली पेटी, असा सगळा मामला. त्या काळच्या अमेरिकन लेखकांना गोष्टीत परक्या मुलखातले शब्द पेरायची भारी हौस. पानापानावर धाऊ, बाजार, बक्षीस, सलाम. अमेरिकन आवृत्तीत अशा प्रत्येक शब्दाला तळटीप होती, त्या टीपा मृणालिनीने सोप्या करायच्या. तिचे साहेब उझैर यांनी एकच सांगितलं होतं, "बच्चा बीच में किताब बंद नहीं करना चाहिए." सोमवारी सकाळी टीपा दाखवायच्या. पसंत पडल्या तर नोकरी पक्की, नाहीतर व्हिसा कॅन्सल आणि हर्णैचं तिकीट.

टीपा झाल्या होत्या. एकही चूक नव्हती. तरी वाचताना दर वेळी तिला नव्या चपलेसारखं काहीतरी टोचत होतं, आणि काय ते सापडत नव्हतं.

तेवढ्यात दार उघडलं आणि दादा आत आला. मागे त्याची लेक अस्मी, वरच्या मजल्यावरचा अंश, शेजारचा अबुजर आणि आणखी दोघंतिघं.

"यल्ला, चला, बसा रे सगळे," दादा म्हणाला. "आत्या पुस्तक वाचून दाखवणारे. तिनेच लिहिलंय."

"मी लिहिलेलं नाही, दादा! आणि हे कधी ठरलं?"

"मराठी मंडळाच्या ग्रुपवर सकाळीच टाकलं मी. आता मान खाली घालायला लावू नकोस."

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. पण सहा जोडी डोळे तिच्याकडे लागलेले. तिने लॅपटॉप मांडीवर घेतला आणि वाचायला लागली. पहिल्या पानावर धाऊ आली. ती थांबली, टीप वाचली, 'अरबी समुद्रातील तिरक्या शिडाचे जहाज.'

"आंटी, वी नो," अंश म्हणाला. "दुबई क्रीकवर आहेत ना. माय बर्थडे वॉज ऑन अ धाऊ."

बाजारला तर पोरं खोखो हसली. "बाबा वर्क्स देअर!" अस्मी ओरडली. बक्षीस, सलाम, कशालाच कुणी अडेना. मृणालिनीने टीपा वाचणं सोडलं आणि नुसती गोष्ट पुढे रेटली. मग तांडेल आला, आणि "हू इज दॅट?" म्हणून अबुजरने विचारलं. टीप तयार होतीच, 'देशी खलाशांमधील सबॉर्डिनेट अधिकारी.' सवयीने ती वाचून गेली.

"सबॉर्डिनेट मीन्स?" अस्मीने विचारलं.

"ज्युनिअर."

"बट पणजोबा वॉज तांडेल, ना? बाबा सांगतो एव्हरीवनला. होल बोट वॉज लिसनिंग टू हिम."

"अख्खं बंदर ऐकायचं!" दादा किचनच्या दारातून गरजला. "ज्युनिअर कोण म्हणतो?"

मृणालिनीचे कान तापले. आजोबांच्या हाताचा वास, माशांचा आणि तेलाचा, तिला अजून आठवत होता. आणि त्यांनाच कनिष्ठ म्हणून तिने स्वतःच्या हाताने टाइप केलं होतं, कुठल्याशा अमेरिकन माणसाचं बघून.

ती तशीच वाचत राहिली. पुढच्या पानावर मोत्यांची पेटी सापडली आणि कप्तानाचा चेहरा फोर्थ ऑफ जुलैसारखा उजळला.

"व्हॉट?" अबुजर म्हणाला.

"फोर्थ ऑफ जुलै."

"दॅट्स व्हेकेशन. व्हाय इज हिज फेस लाइक व्हेकेशन?"

पुढे कप्तान म्हणतो, व्हॅली फोर्जच्या हिवाळ्यातही आपण डगमगलो नसतो. पोरं एकमेकांकडे बघायला लागली. मग तो हार्डटॅक चावतो. अंशने सरळ पाय लांब केले आणि टीव्हीचा रिमोट शोधायला लागला.

मृणालिनीने लॅपटॉप बाजूला ठेवला. "थांब, अंश. चार जुलै म्हणजे त्यांचा स्वातंत्र्यदिन. रात्रभर फटाके."

"ओह! लाइक सेकंड डिसेंबर! यूएई नॅशनल डे!" अबुजर उठून बसला. "देन से दॅट, ना!"

व्हॅली फोर्जला थंडीत उपाशी पडलेलं अमेरिकन सैन्य तिने सांगितलं. हार्डटॅक म्हणजे दगडासारखं जहाजी बिस्किट, चहात बुडवलं तरी हट्टी. पोरं पुन्हा पुढे सरकली. रिमोट सोफ्याखाली गेला तो गेलाच.

पोरं घरी गेल्यावर ती पहिल्यांदा खुर्चीवर टेकली. अमेरिकेतल्या पोराला जे परकं, त्यालाच इतके दिवस ती परकं धरून बसली होती. जिथे इथलं पोर अडखळणार, तिथे एक टीप नाही!

"मग काढ ना सगळं. खलास!" दादा म्हणाला.

"आणि साहेब म्हणाले की तुला टीपा सोप्या करायला दिल्या होत्या, बदलायला कुणी सांगितलं, तर? नोकरी माझी जाईल, दादा."

"तांडेलाची नात आहेस."

"उगाच मोठं मोठं बोलू नकोस. हर्णैला परत गेले तर ग्रुपवर काय टाकशील?"

यावर दादा किचनमध्ये सटकला. ती पुन्हा बाल्कनीत गेली, आत आली, पाणी प्यायली, परत गेली. मग वहिनीने कोशिंबिरीची काकडी चोचवून होईपर्यंत तिने धाऊपासून सलामपर्यंतच्या टीपा उडवल्या होत्या आणि अमेरिकेच्या नव्या टीपा लिहायला घेतल्या होत्या. जुन्यातली एकच ठेवली, कारण अबुजरला तांडेल कळला नव्हता. तीही नव्याने लिहिली. 'तांडेल: होडीवरचा मुख्य माणूस. वारा कुठून येणार हे तो सांगतो, आणि बाकीचे ऐकतात.'

दुसऱ्या दिवशी सकाळी उझैरसाहेबांनी पानं हातात घेतली तेव्हा ती उभीच राहिली. त्यांच्या कपाळाला आठी पडली. "पुरानी वाली कहाँ गईं?"

"बच्चों को आती हैं, सर. बच्चे यहाँ के हैं."

ते वाचत गेले. मधेच थांबले. "ये व्हॅली फोर्ज... मैं बचपन में इसको लोहार की दुकान समझता था." मग पुढची दोन पानं त्यांनी न बोलता वाचली, आणि ड्रॉवरमधून दुसरं जुनं पुस्तक काढून तिच्या पुढे सरकवलं. "ये भी ऐसे ही. और पासपोर्ट एचआर को दे देना, व्हिसा के लिए."

खाली तळ्याकाठी येऊन तिने दादाला फोन केला. तो साडीचा फॉल जुळवत होता. गिऱ्हाईक समोर ताटकळलेलं.

"झालं, दादा. पक्की झाले."

"पुस्तकावर नाव कुठे येणार? वर की खाली?"

"नाव येत नाही रे. कंपनीचा नियम आहे."

दादाने कात्री खाली ठेवली. नाव येत नाही म्हणे. म्हणूनच हे सगळं लिहून काढलं, आणि वर पहिल्याच ओळीत तिचं नाव घातलंय. गिऱ्हाइकाला मात्र तेव्हाच सांगितलं, फॉल मग बघू, आधी माझ्या बहिणीचं ऐका.