सुनंदाचा तळहात

धुळ्याच्या स्टँडवर शेजारचा म्हातारा तंबाखूत चुना घालून मळू लागला आणि त्या उग्र वासाबरोबर मी नरडाण्याला, भिका नानांच्या ओट्यावर जाऊन पोचलो.

नानांचा डावा हात जिनिंगच्या यंत्रात गेला होता. मी त्यावर जळजळीत पत्रक लिहून गेटवर वाटलं. तरी नाना मला एवढंच सांगत, "मनीच चूक शे, भाऊ." मुकादमाने ते त्यांच्याकडून घोकून घेतलं होतं. कोर्टातही तेच बोलले असते, तर भरपाई बुडाली असती.

त्या दुपारी माझी वर्गमैत्रीण सुनंदा ओट्यावर आली, नानांची केस घेतलेली नवी नवी वकील. केसबद्दल तिने अवाक्षर काढलं नाही. नानांची डबी उघडली, तंबाखू-चुना स्वतःच्या तळहातावर घेतला आणि हात पुढे केला.

"मळा, नाना."

नाना तिच्या हातावर उरलेल्या हाताचा अंगठा घासू लागले. "तुले कसं समजनं, पोरी?"

"मना आबाना बी हात तेलना मिलमा गया. आबा मना हातवरच मळेत. म्हनीसन त वकील व्हयनू."

नाना कितीतरी दिवसांनी हसले. चिमूट ओठात ठेवून बोलू लागले, की यंत्र चालू असतानाच अडकलेला कापूस काढायला मुकादमाने लावलं होतं.

पुढे सुनंदा केस जिंकली. त्या विजयाचा हेवा मला कधीच वाटला नाही. मी तो पत्रकात मोठ्या अक्षरांत छापला. हेवा वाटतो त्या चुन्याने माखलेल्या तळहाताचा. माझ्या हाताला आजही फक्त शाईच लागलेली आहे.