खालची पानं

काल कपाट आवरताना पत्त्यांचा जुना कॅट सापडला. अठ्ठीपासून एक्क्यापर्यंतची पानं मळून कापडासारखी मऊ झालेली, दुर्रीपासून छक्कीपर्यंतची मात्र त्यामानाने कोरी. पाच-तीन-दोन हा तिघांचा डाव, त्यात खालची पानं लागतच नाहीत. आणि वाशीच्या त्या नव्या बिल्डिंगमध्ये सुरुवातीला आई, बाबा आणि मी, एवढेच राहत होतो.

मे महिन्यातला रविवार होता. वारा यावा म्हणून दार उघडं टाकलेलं. आईला पाच हात करायचे होते, म्हणून हुकूम तिने बोलायचा. पहिली पाच पानं बघून ती अडली.

"एका रंगाची तीनच आलीत."

"बोल तोच. पुढच्या पाचांत चौथं बहुधा येतंच," बाबा म्हणाले.

"तुमचं बहुधा! इथे शेजार येईल, तेही बहुधाच. शाळा सुरू व्हायच्या आत मी हिला घेऊन गिरगावात परत जाते."

तेवढ्यात दारात एक बाई आल्या. सकाळीच तळमजल्यावर राहायला आलेल्या. "पाणी किती वाजता येतं, विचारायला आले... अय्या, पत्ते! मेंढीकोट खेळता?"

मेंढीकोटला चौघं लागतात आणि सगळा कॅट लागतो. आईने डाव मोडला आणि खोक्यातून खालची पानं काढली. माझ्या हातात दोन एक्के होते, त्यामुळे मी फुगून बसले. मला तेवढंच दिसत होतं.

दिवेलागणीला त्या उठल्या. "उद्या बहुधा येईन."

"बहुधा नको," आई म्हणाली. "याच."