काचेखालची आखाजी

साइटवर किस्से रिकाम्या गोण्यांसारखे साठतात. कोणी मागवत नाही, तरी ढीग होतोच!

सुरतेतल्या एका जुन्या सराईच्या चौकावर आम्ही काचेचं छत टाकत होतो. मी सुपरवायझर, भिला वेल्डर, बाकी गँगही खानदेशचीच, सुरतेतच बमरोलीला राहणारी. सराईचे वॉचमन आणि त्यांची बायको जिजाबाई तिथेच कोपऱ्यातल्या खोलीत राहायचे. आमचा चहा जिजाबाईंकडे.

*

चौकावर आडवी एक जुनी सागवानी तुळई होती. ती काढून आम्ही लोखंडी बीम टाकला. दुसऱ्या दिवशी चहा बंद!

"त्या लोखंडलेच मांगा चहा! आखाजीले मनी संगीता येई. दरसाल त्या तुळईले झोका बांधस मी. आते काय तुमना डोकावर बांधू?"

अक्षय्य तृतीया ही आमची आखाजी. त्या दिवशी माहेरी आलेल्या लेकीला झोका नाही, म्हणजे माहेर कसलं? आम्हा सगळ्यांनाच बहिणी आहेत.

*

चहा बंद झाला, माया नाही. भिंतीला टेकवलेल्या काचा दिसायच्या नाहीत, गँगची पोरं धडकायची. जिजाबाईंनी प्रत्येक काचेला आपली टिकली लावली!

त्यातली एक काच तशीच वर चढली. आर्किटेक्ट मॅडम गुजराती, नजर घारीची. "ऊपर वो लाल क्या है?"

भिला गंभीरपणे म्हणाला, "मॅडम, सुहागन काच है!"

*

अर्धं छत झालं तेव्हा जिजाबाईंनी त्याखाली ज्वारीच्या पापडांचे, बिबड्यांचे, वाळवण घातले. कावळे वरून काचेवर चोची आपटून गेले. जिजाबाई पहिल्यांदा हसल्या. "यंदा राखन फुकट!"

चहा मात्र नाहीच.

*

आखाजीच्या आदल्या दिवशी भिलाने बीमला दोन जाड कड्या वेल्ड केल्या. मग आम्ही गँगमधल्या तिघांनी त्यांना लोंबकळून पाहिलं. कड्या हलल्या नाहीत.

सकाळी संगीता आली. झोका बांधलेला पाहून तिने पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही, तशीच बसली! जिजाबाई पदराने डोळे पुसत आमच्यासाठी चहा गाळत होत्या.

तेवढ्यात मॅडम आल्या. झोका थांबला. त्यांनी कड्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"ये ड्रॉइंग में नहीं है."

"झुंबर के लिए, मॅडम," भिला पुटपुटला.

संगीता घाईने उतरली. जिजाबाईंनी चहाची किटली खाली ठेवली, पुढे होऊन मॅडमचा हात धरला.

"बस वं माय. तू बी कोनी तरी लेक शे ना!"

मॅडम तशाच उभ्या राहिल्या. मग त्यांनी हेल्मेट काढून माझ्या हातात दिलं, झोक्यावर बसल्या आणि मागे न बघता म्हणाल्या,

"धक्को तो मारो!"