ईराचा जयबाप्पा

माझ्या बहिणीच्या मांडीवर तिची सहा महिन्यांची ईरा झोपली होती आणि तपासणीवाल्या बाई तिचं जावळ बाजूला सारून डोक्यावर एकेक तार चिकटवत होत्या. झटके मेंदूच्या नेमक्या कुठल्या भागातून निघतात, ते त्यावरून शोधायचं होतं.

जागी होताच ईरा पुढे वाकली. दोन्ही हात जवळ आले. पडद्यावरच्या रेघा उसळल्या.

“हा बघा झटका,” बाई हळूच म्हणाल्या.

आम्ही याला जयबाप्पा म्हणायचो. झोपून उठली की ती अशी पाच-सहा वेळा वाकायची आणि आमची आई कौतुकानं तिला देव्हाऱ्यासमोर धरायची. बाळाला बोलता येत नाही, म्हणून आपण त्याच्या अंगाला आपलेच शब्द चिकटवत जातो. तेही किती घट्ट!

डॉक्टरांनी घरचा एखादा व्हिडिओ मागितला. दोन महिन्यांपूर्वी मीच काढलेला होता. फोन त्यांच्या हातात दिला. ते ईराचं वाकणं मोजत राहिले आणि खोलीभर टाळ्यांसकट माझा आवाज घुमत राहिला, “अजून एकदा, राणी! मावशीसाठी अजून एकदा!”