‘येतो’ म्हणून गेलेले मास्तर

आधीच सांगून टाकते – भूतखेत, चकवा, करणी, अंगात येणं, असल्या गोष्टींना मी जन्मभर दारात उभं केलं नाही. एकदा तर चौरस्त्यावरच्या उताऱ्यातला नारळ उचलून आणून मी चटणी वाटली होती. शेजारणींनी कपाळाला हात लावले. कुणाला काही झालं नाही, चटणी मात्र फर्मास झाली होती.

आता वय सत्त्याऐंशी. कान गेले, गुडघे गेले, डोकं शाबूत आहे. मी बोलते आहे आणि नात टाईप करते आहे, तेव्हा शुद्धलेखनाचं काही असेल तर तिला विचारा.

गोष्ट घाटंजीची, १९६१ च्या चैत्रातली. आमचं घर पुढे, आणि मागच्या अंगणात ओळीनं तीन खोल्या किरायाच्या. मातीच्या भिंती, वर कवेलू म्हणजे कौलं, मधे विहीर, कडेला भलामोठा कडूनिंब. आमचे हे पांढरकवड्याला नोकरीवर, शनिवारी घरी यायचे. सासरे, म्हणजे मामाजी, दिवसभर ओट्यावर बसलेले. म्हणजे मालकीण म्हणा, मुनीम म्हणा, झाडणारी म्हणा – मीच. किरायदारानं बकरी बांधावी का, दोडक्याचा वेल कवेलूवर चढवावा का, मामाजींना ठसका लागतो तर मिरची कुठं कुटावी... रोज उठून असे निवाडे. आता हसू येतं, पण तीन चुलींचा धूर, अंबाडीच्या भाजीचा वास, कापसाच्या जिनाचा भोंगा झाला की एकदम उडणारी धांदल... ते अंगण आठवलं की अजूनही जीव तिकडे ओढतो. तेवढी माणसं एका आवाजाच्या अंतरावर पुन्हा कधी मिळाली नाहीत मला.

निंबाकडच्या खोलीत चार वर्षं मास्तर राहिले. सत्तावन्न साली ते खोली पाहायला आले तेव्हा ओट्याखालीच थांबले आणि म्हणाले, “आधीच सांगतो. आम्ही मागल्या वर्षी बौद्ध झालो आहोत. मागून कुरकुर नको.” गावात तीन ठिकाणी त्यांना नाही म्हटलेलं होतं, हे मला ठाऊक होतं. मामाजींनी त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, “घोरता काय?”

“नाही.”

“मंग टाका सामान. पह्यलचा घोरे, माही झोप खाल्ली त्यानं.”

खरं सांगते, मी मनातून कचरले होते. पंधरा दिवस मी त्यांच्या आधी उठून विहिरीवर जायची. आज हे सांगताना लाज वाटते, पण होतं ते होतं. मग कधीतरी ते सुटलं. मास्तर माणूसच तसे होते. शाळेसारखंच घरीही पुस्तकी, स्वच्छ बोलायचे, कधी ‘मले’ नाही की ‘तुले’ नाही. सगळ्या किरायदारांची पत्रं तेच लिहायचे. मला सही येत होती फक्त. दुपारी ओट्यावर बसवून पेपर वाचायला, चार ओळी लिहायला त्यांनी शिकवलं. मी अडले की मामाजीच हसायचे, मास्तर कधी हसले नाहीत.

एकसष्टच्या माघात त्यांची केळापूरकडे बदली झाली. बैलगाडीत ट्रंक चढवली, आणि आपल्यात म्हणतात तसं म्हणाले, “येतो, वहिनी.” आपल्यात ‘जातो’ कोण म्हणतं? मीही बोलायचं म्हणून बोलले, “या मास्तर. खोली तुमचीच हाय.”

तर झालं काय, की ती खोली मग दोन महिने रिकामी राहिली. मधे मी कवेलू फेरून घेतले, फुटके काढून नवे बसवले. फेरणारा गडी म्हणाला, “बाई, मयाल एकदा ठोकून पाहून घ्या.” मयाल म्हणजे छताचा सगळा भार पेलणारं आडवं लाकूड. वरून तेल पिऊन काळंकुळकुळीत, दगडासारखं दिसत होतं. मी म्हटलं, पुढच्या वर्षी पाहू. घरवाल्यांचा हा शब्द ठरलेला – पुढच्या वर्षी!

चैत्रात बाभुळगावकडून रामदास नावाचा फिटर आला, जिनात कामाला लागलेला. संगं बायको सुशीला आणि सव्वा महिन्याचं लेकरू. मी सकाळी पाहताक्षणी हो म्हटलं. अकराच्या सुमारास त्यांची गाडी आली. रामदासनं पहिलं काम काय केलं, तर मयालीला दोरी टाकून लेकराची झोळी बांधली.

मी दारातच उभी होते. मागून आवाज आला, “वहिनी.”

वळून पाहते तर मास्तर! अंगणात, ऐन उन्हात उभे. डोक्याला टोपी नाही, पायात वहाणा नाहीत.

“येतो म्हटलं होतं नं मी? आलो. मले आजच्या रोज माही खोली पाह्यजे.”

‘मले’, ‘माही’... मास्तरांच्या तोंडून! मला तेव्हा ते खटकलं, पण मी चिडलेच इतकी की विचार करायला सवड झाली नाही. म्हटलं, “अवो मास्तर, येखांदं कार्ड तं टाकाचं! हे पाहा, या लोकाइचं सामान उतरून राह्यलं. बारीक लेकरू हाय संगं.”

“आजच्याच रोज. उद्या मंग देऊन द्या कोनालेबी.”

मी ओट्याकडे पाहिलं. मामाजींनी सगळं ऐकलं होतं. “तूच म्हटलं होतं नं, खोली तुमचीच हाय म्हणून? मंग? तोंडानं बोलली, आता निस्तर,” एवढं बोलून ते तंबाखू मळायला लागले.

काय करू बाप्पा! एकीकडे दिलेला बोल, दुसरीकडे बाळंतीण बाई. रामदास झोळीची दोरी धरून लालबुंद झालेला. “असं काय करता वो बाई? सकायी हो म्हनता, आता नाही म्हनता. हे लेकरू घेऊन जाऊ कुठं मी?” सुशीलेच्या डोळ्यांत पाणी. मी म्हटलं, “कुठं जाऊ नको. एका रोजाची गोष्ट, आमच्या ओसरीत राहा.” पुटपुटत तो गाठ सोडायला लागला, ती घट्ट बसलेली, तर दोरी कापून एक तुकडा मयालीलाच राहू दिला. झोळी आमच्या ओसरीत आली.

हे सगळं होईस्तोवर मास्तर दिसेनात. बाजाराचा दिवस होता, म्हटलं गेले असतील काही आणायला. मामाजी म्हणाले, “लय खंगले दिसून राह्यले मास्तर.” मी म्हटलं, “खंगले तं खंगले, माह्या जिवाला घोर लावून गेले!” दुपारभर माझं तोंड चालू होतं. दोन वाजले, तीन वाजले, मास्तरांचा पत्ता नाही. सुशीलेकडे पाहवेना मला. शेवटी ठरवलं, चहा झाला की रामदासला सांगायचं, जा बाबा आपल्या खोलीत, झाली शोभा तेवढी पुरे.

चहाचं आधण ठेवलं आणि मागून धाडकन आवाज झाला. अंगणात धूळच धूळ. निंबाकडच्या खोलीची मयाल मधोमध मोडली होती आणि अर्धं छप्पर खाली. नवे फेरलेले कवेलू सगळे जमिनीवर. धूळ बसल्यावर आम्ही आत डोकावलो. लाकूड आतून वाळवीनं पोखरून पार भुसा झालेलं, आणि मोडलं होतं नेमकं तिथं, जिथं रामदासच्या दोरीचा तुकडा होता.

सुशीलेनं ओसरीतल्या झोळीतून लेकरू उचललं ते दुसऱ्या दिवसापर्यंत खाली ठेवलं नाही. आणि मी विहिरीच्या काठाशी जाऊन ओक्साबोक्शी रडले. माझ्या ‘पुढच्या वर्षी’पायी एक जीव गेला असता. ते मी आजवर विसरले नाही, आणि विसरूही नये.

मास्तर त्या संध्याकाळी आले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. मग मी स्वतः, माझ्या हातानं, केळापूरच्या पत्त्यावर कार्ड लिहिलं. उत्तर त्यांच्या भावाचं आलं – दादा मुदतीच्या तापानं आजारी आहे, तीन आठवड्यांपासून यवतमाळच्या दवाखान्यात आहे.

तीन आठवडे! मी बोटांवर पुन्हा पुन्हा दिवस मोजले. शनिवारी हे आले, रविवारी आम्ही दोघं एसटीनं यवतमाळला गेलो. मास्तर खाटेवर, अंथरुणाला खिळून पडलेले. भावाला मी बाहेर घेऊन विचारलं, त्या बाजाराच्या दिवशी मास्तर कुठं होते? तो म्हणाला, “कुठं असणार वो वहिनी? कूस बदलाची ताकद नव्हती. मीच होतो नं बाजूले.” तापात काही बडबडले का, घराचं, खोलीचं? “नाही. निपचित होता.”

मग मी आत जाऊन मास्तरांना सगळं सांगितलं. झोळीचं, दोरीचं, त्यांचं अनवाणी येणं. ते डोळे मिटून ऐकत होते. मधेच किंचित हसले. “वहिनी, जाताना सगळेच ‘येतो’ म्हणतात. खोली राखून ठेवा, असं कुठे म्हटलं होतं मी?”

“मंग कोण आलतं, मास्तर?”

“मला काय ठाऊक? मी तर इथे होतो.”

मास्तर पुढे बरे झाले, निवृत्त होईपर्यंत शिकवलं त्यांनी. ते लेकरूही मोठं झालं, पोरगी होती ती. तिच्या लग्नाला मी होते. मामाजींनी शेवटपर्यंत शपथेवर सांगितलं की मास्तरच होते. माझ्या दोन डोळ्यांनी मीही पाहिलं. उन्हानं भास झाला म्हणावं, तर दोघांना एकच भास कसा होईल? नातीनं फोनमध्ये शोधून मला पाच-सहा कारणं वाचून दाखवली. एकही पटलं नाही, आणि माझ्याजवळ दुसरं नाही. तुमच्यापैकी कुणाला सुचलं तर कळवा, मी ऐकीन.

पण कारणाचं मला तेवढं नाही. दवाखान्यातून निघताना मास्तरांनी जे विचारलं, ते सलतं. म्हणाले, “वहिनी, जो कोणी आला होता, त्याला पाणी-गिणी विचारलं होतं का?”

नव्हतं विचारलं. पाणी नाही, सावलीत या म्हटलं नाही, बसा म्हटलं नाही. चार वर्षं ज्या माणसानं मला अक्षर दाखवलं, त्याच्या रूपानं जे दारात आलं, त्याच्यावर मी नुसती खेकसले होते. मी मान हलवली. नाही.

मास्तर रागावले नाहीत. हळूच म्हणाले, “उन्हाचं आलं होतं ना बिचारं.”