स्वस्तातली हवाईयन कोंबडी

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. स्वयंपाकघरात प्लॅस्टिकच्या पिशव्या साठतात तसे ते साठतात आणि एक दिवस कपाट उघडलं की अंगावर येतात. मी पाणीपट्टी खात्यात आयुष्यभर कारकुनी केली. तिथले किस्सेही पुष्कळ आहेत, पण चार मित्र जमले की फर्माईश होते ती डीमनच्या किश्श्यांची. लोकांना दुसऱ्याचं दुःख परदेशातलं असलं की जास्त आवडतं.

डीमन म्हणजे ॲमस्टरडॅमला चिकटलेलं गाव. दोन हजार पाच-सहाच्या सुमारास मुलाकडे, अभिजितकडे, मी तिथे राहायला गेलो होतो. खालच्या मजल्यावर त्याच्या ऑफिसातला नितीन आणि नितीनची बायको मंजिरी. वरच्या मजल्यावर प्रकाश, कोल्हापूरचा, एकटा जीव. नितीन आता नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटी कुणी विचारायला नको.

मी गेलो तेव्हा नितीनची केमो सुरू झाली होती. तिथले डॉक्टर गोड बोलत नाहीत. त्यांनी सरळ सांगितलं, "वजन उतरलं तर पुढचा डोस देता येणार नाही." आणि नितीनला तर अन्न समोर आलेलं चालत नव्हतं. सगळं लोखंडासारखं लागतं, म्हणायचा. आहारतज्ज्ञ बाईंनी त्याला भरपूर चीज आणि ब्रेड खायला सांगितलं. तो म्हणाला, "हे तर इथे निरोगी माणसालासुद्धा देतात!"

एका संध्याकाळी मात्र तो आपणहून बोलला. पूर्वी कंपनीने त्याला कॅलिफोर्नियात पाठवलं होतं. तिथे ऑफिसजवळ एक हवाईयन बार्बेक्यू होतं. गोडसर सोया सॉसमध्ये मुरवून भाजलेली कोंबडी, भाताचे दोन गोल मुटके, शेजारी मॅकरोनीचं सॅलड. "ते मिळालं तर खाईन," तो म्हणाला. "पण महाग नको. महाग असलं तर माझ्या घशाखाली उतरत नाही. हे आजाराच्या आधीपासूनचं आहे."

मंजिरीने घरी करून पाहिलं. त्याने एक घास खाल्ला. "चांगलं झालंय गं. पण हे तू केलंयस."

प्रकाश म्हणाला, "काळजी करू नको लेका. ॲमस्टरडॅम आहे हे! इथं काय मिळत नाही?"

* * *

मुलं दिवसभर ऑफिसात. म्हणून कोंबडीचा शोध लावायचं काम माझ्याकडे आलं. घरात मोकळा माणूस मीच होतो आणि जन्मात अंडंसुद्धा न खाल्लेलाही मीच. ट्रॅमने हिंडायचं, काचेवर लावलेली मेनूकार्डं वाचायची आणि रात्री अहवाल द्यायचा. कारकुनाला हे जमतं. कशाचीही चव न बघता त्यावर शेरा मारायची सवय असते.

शहराच्या दक्षिणेकडच्या बुइटनव्हेल्डर्ट भागात एकदा पाटी दिसली. माडाचं झाड, मावळता सूर्य आणि मोठ्या अक्षरांत 'हवाई'. मी आत शिरलो. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "किती मिनिटं?"

मी म्हटलं, "ते चार जणांना किती वेळ लागतो त्यावर आहे. एक जण शाकाहारी आहे."

तिने माझ्याकडे बघितलं, मग मागच्या खोलीचं दार उघडून दाखवलं. आत निळ्या दिव्यांच्या पेट्या होत्या आणि एका पेटीतून एक गृहस्थ जवळजवळ उघडे, तांबूस होऊन बाहेर येत होते. पैसे देऊन ऊन खायचं दुकान होतं ते!

रात्री अहवाल ऐकून नितीन म्हणाला, "काका, भाजलेलं होतं ना पण? मग चौकशी बरोबरच झाली."

* * *

त्यानंतर एका स्नॅकबारच्या मेनूवर हवाई सापडलं. या वेळी मी आत जाऊन नीट खात्री करून घेतली, खायचीच वस्तू होती. शनिवारी सगळे गेलो. आलं काय? ब्रेड, त्यावर डुकराचं मांस, त्यावर चीज आणि सगळ्याच्या डोक्यावर अननसाची चकती.

प्रकाशने मालकाला विचारलं, "यात हवाई काय आहे?"

मालकाने चकतीवर बोट ठेवलं.

नितीनने अननस तेवढा उचलून बशीत ठेवला आणि अभिजितला म्हणाला, "मला पोचवताना फुलांऐवजी एक चकती ठेवा. तिकिटाशिवाय हवाईला पोचेन."

कुणी हसलं नाही. मालक हसला. त्याला मराठी येत नव्हतं.

* * *

हवाईयन नाही तर निदान आशियाई तरी, असा ठराव झाला. प्रकाशने एक मंगोलियन बार्बेक्यू शोधून काढलं. एकदा पैसे भरायचे आणि हवं तेवढं खायचं. मांसाचे काप वाडग्यात भरून द्यायचे, आचारी मोठ्या तव्यावर परतून देणार. स्वस्त होतं, खरंच!

नितीनला तव्याच्या वासानेच मळमळायला लागलं. तो नुसता पाणी पीत बसला. मंजिरी आली नव्हती, तरी बिल आलं ते चौघांचं, नितीन धरून. मीही भात आणि कोबीच खाल्ला होता, पण माझ्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. प्रकाश तडकला, "हा जेवलाच नाही!"

मॅनेजर म्हणाला, "टेबलाशी बसलं की पैसे पडतात. लहान मुलांना तेवढे अर्धे."

नितीन उठून उभा राहिला. पँट पट्ट्याने गोळा करून बांधलेली होती. "मग मला अर्धेच लावा," तो म्हणाला. "हवं तर वजन करून बघा."

मॅनेजरने नितीनचे सगळेच पैसे माफ केले. प्रकाश बाहेर येईपर्यंत जोरजोरात बोलत होता.

* * *

पुढे नितीनने नवाच प्रकार काढला. कोरियन, व्हिएतनामी, इंडोनेशियन, जिथे म्हणून भाजलेलं आणि परवडणारं मिळेल तिथे आम्हाला न्यायचा, प्रकाशच्या पुढ्यात ताट ठेवायचा आणि म्हणायचा, "पक्या, तू खा. कसं लागतंय ते सांग."

प्रकाश खायचा आणि सांगायचा. "जरा गोड आहे. मग तिखट. आता धुराचा वास येतोय." क्रिकेटची कॉमेंटरी ऐकावी तसा नितीन डोळे मिटून ऐकायचा. दर आठवड्याला हे चाललं. नितीनचं वजन उतरत होतं, प्रकाशचं चढत होतं. एकंदर ग्रुपचं वजन कायम होतं. दुर्दैवाने हॉस्पिटल ग्रुपचं वजन करत नाही.

* * *

नितीनच्या आईला काही सांगितलेलं नव्हतं. तिला हृदयाचा त्रास. मंजिरीने पाठवलेल्या फोटोंत तो टोपी घालून असायचा. एकदा मी तिथे असतानाच आईचा पुण्याहून फोन आला. स्पीकर चालू होता.

"फोटो बघितला रे. किती बारीक झालास!"

मंजिरीचा हात स्पीकरच्या बटणाकडे गेला.

"छान दिसतोस हो! लग्नानंतर ढेरी सुटली होती नुसती. जेवायला काय असतं सध्या?"

"बार्बेक्यू शोधतोय, आई."

"नको रे बाबा, बाहेरचं खाऊ नकोस. आता कमावलीयस तब्येत, तर अशीच ठेव."

"ठेवतो," नितीन म्हणाला.

* * *

पुढच्या डोसाच्या आधी वजन व्हायचं होतं. आकडा कमी भरणार हे आम्हाला घरच्या काट्यावर दिसलंच होतं. हा डोस चुकला तर काय, ते डॉक्टरांनी सांगितलं होतं आणि आम्ही पुन्हा विचारलं नव्हतं. प्रकाश नितीनला टॅक्सीने पाठवून स्वतः सायकलवरून हॉस्पिटलात पोचला. तिथे त्याच्या डोक्यात कल्पना आली. सायकलीची साखळी, कुलपासकट चांगली जड, त्याने नितीनच्या पोटा-पाठीभोवती गुंडाळली. वर दोन स्वेटर.

नितीन काट्यावर चढला. आकडा उत्तम आला. नर्स खूश झाली, तिने शाबासकी म्हणून त्याच्या पाठीवर थाप मारली. खण्णकन आवाज आला.

ती काही रागावली नाही. स्वेटर वर करून तिने साखळी पाहिली आणि शांतपणे विचारलं, "आणि मग सायकल कशाने बांधलीय?"

डोस पुढे ढकलला गेला. दोघे बाहेर आले तर सायकलही गेली होती.

* * *

शेवटी जे सापडलं ते घराजवळच. डीमनमध्येच एक टोको होतं, म्हणजे एका बाजूला आशियाई वाणसामान आणि दुसऱ्या बाजूला गरम जेवणाचं काउंटर. चालवणाऱ्या बाई सुरिनामच्या, त्यांचे पूर्वज जावाचे. हवाई त्यांनी नकाशातही पाहिलं नव्हतं. पण नितीन काउंटरला टेकून उभा राहिला आणि त्याने ती कोंबडी इतकी बारकाईने वर्णन केली, की बाईंनी हातातली पळी खाली ठेवली. "उद्या ये," म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी बाईंनी डबा घरी पाठवला. सोया सॉसमधली भाजलेली कोंबडी, भाताचे दोन मुटके, मॅकरोनी. पैसे इतके कमी घेतले, की नितीनला तक्रारीला जागा राहिली नाही. आम्ही सगळे त्याच्याभोवती उभे. त्याने पहिला घास घेतला, डोळे मिटून सावकाश चावला आणि डोळे उघडले.

"हेच! अरे, अगदी हेच!"

प्रकाशने अशी काही आरोळी ठोकली, की शेजारच्या डच म्हातारीने भिंतीवर ठोकलं. अभिजित तोंड धुवायला बाथरूममध्ये गेला आणि बराच वेळ आला नाही. नितीनने अर्ध्याहून जास्त ताट संपवलं. मधूनमधून सांगत होता, "मागून किंचित आल्याचा झटका येतो बघ. तिथे अस्साच यायचा."

मी नितीनचं ताट घेऊन स्वयंपाकघरात गेलो. मंजिरी सिंकपाशी पाठमोरी उभी होती. मी म्हटलं, "बघितलंस? चव आली त्याच्या तोंडाला!"

तिने नळ बंद केला.

"काका, काल तुम्ही दुकानातून दुधाचा म्हणून जो पुडा आणलात ना, तो ताकाचा होता. मला पुड्यावरचं डच वाचायला सुचलं नाही. आज सकाळी नितीनच्या कॉर्नफ्लेक्समध्ये तेच घातलं. नंतर मी एक चमचा तोंडात घातला आणि थुंकून टाकला."

"आणि नितीन?"

"त्याने वाडगाभर खाल्लं होतं. मला म्हणाला, 'दूध छान आहे. काकांना सांग, हेच आणत जा.'"